विरोधकाने पुरा करून दिलेला युक्तिवाद

१७७६ सालच्या जानेवारीत फिलाडेल्फियातील थर्ड स्ट्रीटवर रॉबर्ट बेल या मुद्रकाच्या दुकानात एक बिनपुठ्ठ्याची पुस्तिका दोन शिलिंगांना विकायला आली. तिच्यावर लेखकाचे नाव नव्हते. अमेरिकेतील वसाहतींनी इंग्लंडच्या राजाशी असलेले नाते तोडून टाकावे आणि स्वतःचे राज्य उभारावे, असे ती आडपडदा न ठेवता सांगत होती. थॉमस पेन याची ‘कॉमन सेन्स’ ती हीच. दोन महिन्यांनी, मार्चमध्ये, याच बेलने ‘प्लेन ट्रूथ’ नावाची दुसरी पुस्तिका छापली. ‘कँडिडस’ या टोपणनावाने मेरीलँडचा जमीनदार जेम्स चाल्मर्स याने ती लिहिली होती आणि पेनचे म्हणणे खोडून काढण्यासाठीच ती लिहिली गेली होती. योगायोग असा की, पेनचे डॉक्टर मित्र बेंजामिन रश यांच्या आठवणींनुसार, पेनला आपल्या पुस्तिकेसाठी ‘प्लेन ट्रूथ’ हेच नाव हवे होते आणि ‘कॉमन सेन्स’ हे नाव रश यांनी सुचवले. एकाच छापखान्यातून निघालेल्या या दोन पुस्तिकांपैकी पहिली आज जगभर वाचली जाते, तर दुसरीचे नाव अभ्यासकांखेरीज क्वचितच कोणाला ठाऊक असते.

जिंकलेल्या पक्षाचेच साहित्य मागे उरावे, यात नवल नाही. परंतु वसाहतकालीन अमेरिकेतील या वादाकडे असे पाहिल्याने त्यातील सर्वांत मोलाची गोष्ट नजरेआड होते, असे मला ठामपणे वाटते. स्वातंत्र्याचा युक्तिवाद स्वातंत्र्यवाद्यांनी एकट्याने रचलेला नाही. तो टप्प्याटप्प्याने पुढे गेला, आणि जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर त्याला पुढे ढकलणारा प्रश्न विरोधकाने विचारलेला होता. म्हणूनच त्या विरोधकांचे छापखाने फोडण्याचे आणि त्यांच्या पुस्तिका जाळण्याचे जे प्रकार स्वातंत्र्याच्या नावाने झाले, त्यांना ‘युद्धाच्या धामधुमीत असे व्हायचेच’ म्हणून सोडून देता येत नाही.

आधी या वस्तूविषयी थोडे सांगायला हवे, कारण वादाचे स्वरूप तिच्या घडणीतून आले होते. छापील कागदाचे काही ताव घडी घालून, कडेने दोऱ्याने टाचले की पुस्तिका तयार होत असे. जुळारी धातूच्या अक्षरांचे खिळे एकामागून एक जुळवून छपाईचा फर्मा सिद्ध करी, चामड्याच्या लोकर भरलेल्या गोळ्यांनी त्यावर शाई थोपली जाई आणि लाकडी हातयंत्रावर दोन माणसे तासाभरात फार तर दोनशे-अडीचशे ताव एका बाजूने छापत. कागद चिंध्यांपासून बनलेला असे आणि खिळे बहुधा इंग्लंडहून मागवलेले असत. मोठा ग्रंथ काढायचा तर खर्च आणि वेळ दोन्ही परवडत नसत, आणि वर्तमानपत्राच्या रकान्यात पूर्वपक्ष-उत्तरपक्ष मांडायला जागा पुरत नसे. तीस-चाळीस पानांच्या पुस्तिकेत मात्र एक विचार शेवटपर्यंत नेता येई, आणि प्रतिपक्षाला काही आठवड्यांत तेवढ्याच विस्ताराने उत्तर देता येई. १७५० ते १७७६ या काळात इंग्लंड आणि वसाहती यांच्या संबंधांवर वसाहतींमध्ये चारशेहून अधिक पुस्तिका निघाल्या. १७८३ पर्यंत ही संख्या दीड हजारांच्या पुढे गेली.

वादाला तोंड फुटले ते करावरून. १७६५ च्या मार्चमध्ये ब्रिटिश पार्लमेंटने मुद्रांक कायदा मंजूर केला आणि १ नोव्हेंबरपासून तो लागू व्हायचा होता. न्यायालयीन कागद, वर्तमानपत्रे, पंचांगे, पत्त्यांचे जोड आणि फासे यांच्याबरोबर पुस्तिकांवरही त्यात कर होता, वर्तमानपत्रातील प्रत्येक जाहिरातीमागे दोन शिलिंग होते. ज्या वर्गाच्या हाती लेखणी आणि खिळे होते, नेमका तोच वर्ग या कायद्याने दुखावला गेला.

बोस्टनचा वकील जेम्स ओटिस याने त्याच्या आदल्या वर्षीच, १७६४ मध्ये, ब्रिटिश वसाहतींच्या हक्कांवर पुस्तिका लिहिली होती. ज्या सभेत आपला प्रतिनिधी नाही तिने आपल्यावर कर बसवणे अन्यायाचे आहे, हे त्याने त्यात मांडले. मात्र हाच ओटिस पार्लमेंटची सर्वोच्च सत्ता मान्य करतो आणि तिने स्वतःच आपली चूक सुधारेपर्यंत तिची आज्ञा पाळलीच पाहिजे, असेही म्हणतो. ऱ्होड आयलंडचा गव्हर्नर स्टीव्हन हॉपकिन्स याची भूमिकाही मधलीच होती. सगळ्या साम्राज्याच्या व्यापाराचे नियमन पार्लमेंटने करावे, परंतु वसाहतीच्या अंतर्गत कारभारात आणि तिच्या खिशात हात घालू नये, असे त्याचे म्हणणे. या सुरुवातीच्या पुस्तिका वाचताना एक गोष्ट सतत जाणवते. लेखकांना अन्याय स्पष्ट दिसतो आहे, पण ज्या सत्तेने तो केला तिची हद्द नेमकी कोठे संपते, हे त्यांना सांगता येत नाही.

हे नेमके हेरले न्यूपोर्टच्या मार्टिन हॉवर्ड या वकिलाने. हॅलिफॅक्सच्या एका गृहस्थाने ऱ्होड आयलंडमधील मित्राला लिहिलेले पत्र, असे सोंग घेऊन १७६५ च्या आरंभी त्याने हॉपकिन्सवर पुस्तिका लिहिली. त्याचा मुद्दा टोकदार होता. वसाहतवाले आपले हक्क इंग्लंडच्या पारंपरिक कायद्यातून आल्याचे सांगतात, पण त्याच कायद्याने पार्लमेंटला सर्वोच्च अधिकार दिलेला आहे. मग कायद्याचा सोयीचा अर्धा भाग घ्यायचा आणि गैरसोयीचा अर्धा भाग टाकायचा, हे कोणत्या न्यायाने? पार्लमेंटची सत्ता अखंड आहे, तिचे तुकडे पडत नाहीत. ओटिसने हॉवर्डला त्वेषाने उत्तर दिले, परंतु या प्रश्नाची सोडवणूक त्याच्याकडून झाली नाही, आणि पुढची आठ-नऊ वर्षे हा प्रश्न वसाहतवाल्यांच्या पायात काट्यासारखा रुतून राहिला.

दुसरा प्रश्न लंडनहून आला. टॉमस व्हेटली या सरकारी अधिकाऱ्याने आपल्या पुस्तिकेत असे मांडले की इंग्लंडमधील दहांपैकी नऊ माणसांनाही मत नाही. मँचेस्टर, बर्मिंगहॅम, लीड्स यांसारख्या भरभराटीच्या शहरांतून पार्लमेंटमध्ये एकही सदस्य जात नाही, तरी पार्लमेंट त्यांचे प्रतिनिधित्व करतेच, कारण प्रत्येक सदस्य साऱ्या राष्ट्राचा असतो. मग अमेरिकेने वेगळी तक्रार का करावी? या युक्तिवादाला हसण्यावारी नेणे सोपे होते आणि पुष्कळांनी तसेच केले. मेरीलँडच्या डॅनियल डुलेनीने मात्र त्याच वर्षी ॲनापोलिसमध्ये छापलेल्या पुस्तिकेत तो जसाच्या तसा उचलून तपासायला घेतला. इंग्लंडमध्ये मत असलेला माणूस आणि मत नसलेला माणूस एकाच जागी राहतात, एकाच बाजारात खरेदी करतात, एकच कर भरतात. मतदाराने निवडलेल्या सदस्याने मँचेस्टरच्या कारागिरावर जाचक कर बसवला, तर त्याची झळ त्या मतदारालाही लागते. हे हितसंबंधांचे गुंतलेपण हाच त्या अप्रत्यक्ष प्रतिनिधित्वाचा आधार आहे. अमेरिकेवर कर बसवला तर एकाही इंग्रज मतदाराच्या खिशाला चाट बसत नाही, उलट त्याचे स्वतःचे ओझे हलके होते. ज्याचा फायदा माझ्या नुकसानीत आहे, तो माझा प्रतिनिधी कसा ठरतो?

या संपूर्ण वादातील हा सर्वांत देखणा परिच्छेद आहे, असे मला वाटते. डुलेनीने व्हेटलीला मूर्ख ठरवले नाही, किंवा त्याच्या हेतूंवर चिखलही उडवला नाही. त्याने व्हेटलीचे तत्त्व मान्य केले, ते कोणत्या अटीवर उभे आहे ते शोधले आणि ती अट अमेरिकेत पुरी होत नाही एवढे दाखवले. प्रतिनिधित्वाचा अर्थ हितसंबंधांच्या समानतेत आहे, हा विचार व्हेटलीने इतक्या नेटाने विरुद्ध बाजू मांडली नसती तर इतक्या स्वच्छ शब्दांत कागदावर उतरला असता, याची मला खात्री नाही. आणि डुलेनीची पुढची कथा अशी की, युद्ध आले तेव्हा तो स्वातंत्र्याच्या बाजूला गेला नाही, आणि १७८१ मध्ये त्याची मालमत्ता जप्त झाली.

मुद्रांक कायदा १७६६ च्या मार्चमध्ये रद्द झाला. त्याच वेळी पार्लमेंटने असेही घोषित केले की वसाहतींना ‘कोणत्याही आणि प्रत्येक बाबतीत’ बांधून घेण्याचा अधिकार आपल्याला आहे. म्हणजे कर गेला आणि हॉवर्डचा प्रश्न कायद्यात जाऊन बसला. पुढच्या वर्षी काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांवर आयातशुल्क आले, तेव्हा जॉन डिकिन्सनने पेन्सिल्व्हेनियाच्या शेतकऱ्याच्या नावाने बारा पत्रे लिहिली. वसाहतींतील बहुतेक सगळ्या वर्तमानपत्रांनी ती छापली आणि १७६८ मध्ये ती पुस्तिकेच्या रूपात आली. व्यापाराच्या नियमनासाठी शुल्क बसवता येते, महसूल गोळा करण्यासाठी बसवता येत नाही, अशी त्याने रेघ ओढली. रेघ सुबक होती, पण शुल्काचा हेतू ओळखायचा कसा? तेच शुल्क आज नियमन आणि उद्या महसूल ठरू शकते. डिकिन्सनच्या विरोधकांनी हे लगेच दाखवून दिले आणि ते बरोबर होते.

मग १७७३ चा जानेवारी उजाडला. मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर टॉमस हचिन्सन हा तेथेच जन्मलेला आणि त्या वसाहतीचा इतिहास लिहिलेला माणूस. वसाहतवाल्यांना त्यांच्या म्हणण्यातील विसंगती एकदा नीट दाखवली की ते भानावर येतील, असे त्याला मनापासून वाटले असावे. ६ जानेवारीला कायदेमंडळापुढे भाषण करताना त्याने सांगितले की पार्लमेंटची सर्वोच्च सत्ता आणि वसाहतींचे संपूर्ण स्वातंत्र्य या दोहोंच्या मध्ये ओढता येईल अशी कोणतीही रेघ आपल्याला ठाऊक नाही. स्वातंत्र्य हा शब्द ऐकून सभागृह दचकेल, अशी त्याची अपेक्षा होती. वीस दिवसांनी प्रतिनिधींच्या सभेने उत्तर दिले. अशी रेघ नसेल, तर एकतर वसाहती पार्लमेंटच्या दास आहेत किंवा पूर्णपणे स्वतंत्र आहेत. आणि त्या दास व्हाव्यात असा तर मूळ कराराचा हेतू असू शकत नाही.

भिंत म्हणून उभी केलेली गोष्ट अशी पायरी ठरली. ओटिसपासून डिकिन्सनपर्यंत सगळे जी मधली जागा शोधत होते ती अस्तित्वातच नाही, हे सिद्ध करण्याचे श्रम राजनिष्ठांनी घेतले, आणि वसाहतवाल्यांनी तो निष्कर्ष मान्य करून त्याची दुसरी बाजू निवडली. १७७४-७५ च्या हिवाळ्यात बोस्टनच्या वर्तमानपत्रांतून ‘मॅसॅच्युसेटेन्सिस’ या टोपणनावाने डॅनियल लेनर्डने हाच पेच पुन्हा घातला. एका राज्यात दोन सर्वोच्च सत्ता नांदू शकत नाहीत, असे त्याचे म्हणणे. ‘नोव्हँग्लस’ या नावाने उत्तर देणाऱ्या जॉन ॲडम्सला मग म्हणावे लागले की मॅसॅच्युसेट्स इंग्लंडच्या राज्याचा भागच नाही, आणि पार्लमेंटचा व्यापारावरचा अधिकारही केवळ आमच्या संमतीने आहे. आम्हांला इंग्लंडशी जोडतो तो फक्त राजा. आता एकच दोरा उरला होता, आणि वर्षभराने पेनने कात्री चालवली ती त्या दोऱ्यावर.

‘कॉमन सेन्स’च्या तीन महिन्यांत १,२०,००० प्रती खपल्या, असे पेन स्वतः सांगत असे. हातयंत्राची गती पाहता मला तो आकडा फुगवलेला वाटतो. पण पुस्तिकेचा परिणाम नाकारता येणार नाही, आणि तो इतक्या वेगाने का झाला याचे उत्तर मागच्या बारा वर्षांत आहे. पेन फिलाडेल्फियात उतरून जेमतेम चौदा महिने झाले होते. पार्लमेंटविषयीचा वाद संपवण्याचे काम त्याला करावे लागले नाही, ते आधीच झालेले होते.

यावर एक रास्त आक्षेप निघेल. लोक पुस्तिका वाचून बंडाला उठले नाहीत. बोस्टनमध्ये सैनिकांनी गोळीबार केला, बंदर बंद केले गेले, मॅसॅच्युसेट्सची सनद मोडीत काढली गेली, म्हणून ते उठले. हे मला मान्य आहे. संताप घटनांनी दिला. परंतु संतापलेल्या माणसाने नेमके काय मागायचे, हे घटना सांगत नाहीत. १७६५ मध्येही संताप होता आणि तेव्हा मागणी होती ती एक कायदा मागे घेण्याची. अकरा वर्षांनी मागणी बदलली, कारण दरम्यान मधल्या सगळ्या वाटा एकेक करून तपासल्या गेल्या होत्या आणि बंद असल्याचे आढळले होते.

ज्या विरोधकांमुळे ही तपासणी झाली, त्यांना वागवले मात्र कसे गेले? १७६५ च्या ऑगस्टमध्ये न्यूपोर्टमध्ये मार्टिन हॉवर्डच्या पुतळ्याला फाशी दिली गेली, जमावाने त्याच्या घराची मोडतोड केली आणि तो इंग्लंडला निघून गेला. न्यूयॉर्कचा मुद्रक जेम्स रिव्हिंग्टन याने १७७४-७५ मध्ये ‘वेस्टचेस्टरचा शेतकरी’ म्हणवणाऱ्या सॅम्युएल सीबरी या राजनिष्ठ धर्मोपदेशकाच्या पुस्तिका छापल्या आणि त्याला झोडपून काढणाऱ्या तरुण अलेक्झांडर हॅमिल्टनच्याही छापल्या. दोन्ही बाजू एकाच दुकानात मिळत. १७७५ च्या नोव्हेंबरात वसाहतवाल्यांचा एक पुढारी आयझॅक सीअर्स याने कनेक्टिकटहून घोडेस्वारांची टोळी आणली. वाटेत सीबरीला पकडून न्यू हेवनला कैदेत पाठवले गेले आणि भरदिवसा रिव्हिंग्टनचे यंत्र मोडून त्याचे खिळे उचलून नेले गेले. सॅम्युएल लाउडन तर स्वतः वसाहतवाल्यांच्याच पक्षाचा मुद्रक होता. पेनला चार्ल्स इंग्लिसने दिलेले उत्तर त्याने १७७६ च्या मार्चमध्ये छापायला घेतले, तर रात्री माणसे घरात घुसली, छापून झालेल्या सुमारे दीड हजार प्रतींचे ताव उचलले आणि मोकळ्या मैदानावर नेऊन जाळले.

त्या काळात राजाकडे सैन्य आणि न्यायालये होती, राजनिष्ठांचे बोलणे म्हणजे नुसते बोलणे नव्हते, हे मी विसरत नाही. रिव्हिंग्टन पुढे ब्रिटिशांच्या ताब्यातील न्यूयॉर्कमध्ये राजाचा मुद्रक म्हणून परतला आणि तेव्हा त्याने दोन्ही बाजू छापल्या नाहीत, हेही खरे. तरीही छापखाना फोडल्याच्या तिसऱ्याच दिवशी हॅमिल्टनने वसाहतवाल्यांचा न्यूयॉर्कमधील नेता जॉन जे याला लिहिलेले पत्र माझ्या दृष्टीने निर्णायक आहे. रिव्हिंग्टनचा छापखाना घातक आहे आणि माणूस तिरस्करणीय आहे, असे म्हणूनही हा विशीतला विद्यार्थी त्या कृत्याचा निषेध करतो आणि जमावाला सत्तेचा अवमान करायची सवय लागली की ती कोठे थांबेल, अशी चिंता बोलून दाखवतो. ज्याच्याशी तो वर्षभर लढला, त्याचाच मुद्रक बुडाल्यावर त्याला आनंद झाला नाही. ही वृत्ती त्या वेळीही शक्य होती, म्हणून बाकीच्यांना काळाची सबब पुढे करता येत नाही.

आणि उत्तर न मिळालेले प्रश्न तसेच राहिले. सीबरीने विचारले होते की काँग्रेसच्या, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या एकत्रित सभेच्या, नावाने गावोगाव नेमलेल्या समित्या लोकांच्या घरातला चहा तपासणार, शेजाऱ्याला गद्दार ठरवणार, तर त्यांना हा अधिकार दिला कोणी? गुलाम व्हायचेच असेल तर निदान राजाचा होईन, सिंहाने खाल्लेले पत्करेन पण उंदरांनी कुरतडलेले नाही, असे त्याचे शब्द आहेत. हॅमिल्टनने त्याला पार्लमेंटविषयी भरभरून उत्तर दिले, समित्यांविषयी मात्र ते उत्तर तोकडे वाटते. इंग्रज लेखक आणि कोशकार सॅम्युएल जॉन्सनने १७७५ मध्ये लंडनहून विचारले की स्वातंत्र्यासाठी सर्वांत मोठा आक्रोश गुलामांचे मुकादमच कसा करतात? जॉन्सन सरकारच्या बाजूने लिहीत होता, म्हणून त्याचा प्रश्न झिडकारला गेला.

पण हा प्रश्न लंडनने उकरून काढलेला नव्हता. ओटिसने १७६४ मध्येच लिहिले होते की गोरा असो वा काळा, प्रत्येक माणूस निसर्गतः स्वतंत्र आहे. हचिन्सनने ते प्रसिद्ध भाषण केले त्याच दिवसाची, ६ जानेवारी १७७३ ची तारीख असलेला एक अर्ज बोस्टनच्या गुलामांनी त्याच हचिन्सनला आणि त्याच कायदेमंडळाला उद्देशून केला होता. खाली फक्त ‘फेलिक्स’ एवढी सही आहे. आम्हांला मालमत्ता नाही, बायका नाहीत, मुले नाहीत, शहर नाही, देश नाही, असे तो अर्ज सांगतो. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये चार गुलामांच्या सह्यांचे एक छापील पत्रक निघाले. स्वतःला गुलाम करू पाहणाऱ्यांविरुद्ध ज्यांनी इतका उदात्त पवित्रा घेतला, त्यांच्याकडून आम्ही मोठी अपेक्षा करतो, असे त्यात आहे. हा सारा वाद ज्या कसोटीवर चालला होता, तीच कसोटी त्यांनी लावली होती, आणि हचिन्सनला वीस दिवसांत सविस्तर उत्तर देणाऱ्या सभागृहाने त्यांना मुक्त केले नाही. बरोबर शंभर वर्षांनी, १८७३ मध्ये, पेनचे लेखन वाचून घडलेल्या जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केले, तेव्हा मध्ये एक भीषण यादवी युद्ध होऊन गेले होते.

आपल्याकडचा आणखी एक धागा या पत्रकांत आहे. १७७३ च्या नोव्हेंबरात, ईस्ट इंडिया कंपनीचा चहा घेऊन जहाजे निघाली असताना, डिकिन्सनने ‘रस्टिकस’ या नावाने एक पत्रक छापले. या कंपनीने आशियात काय केले ते पाहा, एका वर्षात तिथे पंधरा लाख माणसे दुष्काळाने मेल्याचे सांगतात, असे त्याने फिलाडेल्फियाच्या वाचकांना बजावले. १७७० च्या बंगालच्या दुष्काळाचा हा हवाला होता. बंगालच्या भुकेची वार्ता फिलाडेल्फियाच्या चहाच्या वादात पुरावा म्हणून वापरली गेली, आणि ती वापरणारा डिकिन्सन १७७६ च्या जुलैत स्वातंत्र्याच्या ठरावावर मत द्यायला सभागृहात आला नाही. नंतर तो आपल्या पलटणीबरोबर गेला. या वादातील माणसे दोन रंगांत वाटून टाकणे किती अवघड आहे, ते त्याच्याकडे पाहून कळते.

लेनर्ड आणि ॲडम्स यांचा सामना, ज्याने युद्धाला तोंड फुटले त्या लेक्सिंग्टनच्या गोळीबाराने १७७५ च्या एप्रिलमध्ये थांबला. १८१९ मध्ये बोस्टनच्या एका प्रकाशकाने दोघांचे सगळे लेख एकाच पुस्तकात एकत्र छापले. ॲडम्स तेव्हा अध्यक्षपद भोगून कधीच निवृत्त झालेला, ऐंशी उलटलेला म्हातारा होता. त्याने प्रस्तावना लिहिली आणि तीत आपला तेव्हाचा प्रतिस्पर्धी जोनाथन सीवॉल असल्याचे नमूद केले. सीवॉल हा त्याचा जुना मित्र, राजनिष्ठ म्हणून देश सोडून गेलेला, आणि तो वारून वीसहून अधिक वर्षे झाली होती. ज्याने ते लेख खरोखर लिहिले होते तो डॅनियल लेनर्ड त्या वेळी जिवंत होता आणि लंडनमध्ये राहत होता.